झाकणावरचे नाव

जुना, आखूड ग्रँड पियानो समोर आला की पाहणारा आधी पट्ट्यांवरचे झाकण उघडतो आणि त्याची आतली बाजू पाहतो. तिथे सोनेरी अक्षरांत एक नाव असते, खाली बहुधा एखादे शहर असते, आणि ते वाचले की वाद्य कुणाचे हा प्रश्न सुटला असे वाटते. नाव स्टाइनवे किंवा बेखश्टाइन असेल तर तो बऱ्याचदा सुटतोही. पण साडेचार-पाच फूट लांबीचे असे कितीतरी पियानो दिवाणखान्यांत, शाळांत, चर्चच्या मागच्या खोल्यांत उभे आहेत, ज्यांच्यावरचे नाव कुठल्याच जुन्या यादीत सापडत नाही, किंवा सापडले तर एखाद्या दुकानदाराचे निघते. काहींवर नावच उरलेले नसते, मधे कधीतरी पॉलिश करणाऱ्याने ते घासून काढलेले असते. अशा वाद्याचा कर्ता कसा शोधायचा, आणि मुळात कर्ता म्हणायचे कुणाला, याबद्दल माझे ठाम मत आहे. पियानोवरचे नाव ही त्याच्या कर्त्याविषयीची सर्वांत दुबळी साक्ष होय. भक्कम साक्ष मिळते ती गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी जे केलेलेच नव्हते त्या भागांत: पोटाखालच्या तुळयांत, लोखंडी चौकटीच्या वळणांत, तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या कोरीवकामात, पहिल्या पट्टीच्या लाकडावर पेन्सिलीने टाकलेल्या तारखेत. आणि पियानो जितका लहान, तितकी ही साक्ष अधिक बोलकी असते. हे उलटे वाटेल, पण त्याला कारण आहे.

नाव दुबळे का, ते आधी पाहू. झाकणावरची अक्षरे पुष्कळदा छापील ट्रान्स्फरची असतात. ती चिकटवून वरून वार्निशचा हात दिला की झाले, त्यासाठी पियानोचा कारखाना असावा लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये १८६० नंतर जोसेफ हेल याने याच गोष्टीवर प्रचंड धंदा उभा केला. सुटे भाग घाऊक भावात विकत घ्यायचे, ते जुळवून स्वस्त पियानो उभा करायचा आणि दुकानदाराला हवे ते नाव त्यावर घालून द्यायचे, ही त्याची रीत. अशा वाद्यांना अमेरिकेत 'स्टेन्सिल' पियानो म्हणू लागले. नामांकित घराण्यांच्या नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून केलेली नावेही बाजारात आली. १९०९ साली अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले, तेव्हा त्यांतली किती नावे खऱ्या कारखान्यांची आणि किती दुकानांच्या पाट्यांवरची, हे त्या काळच्या गिऱ्हाइकालाही कळणे कठीण होते. ब्रिटनमध्ये प्रश्नाचे रूप वेगळे होते. तिथे जर्मन पियानो भरपूर येत, आणि लंडनचा विक्रेता त्यांवर आपले नाव घाली. १८८७ च्या कायद्याने ब्रिटिश नाव धारण करणाऱ्या परदेशी मालावर मूळ देशाची नोंद सक्तीची केली, म्हणून अशा एखाद्या पियानोच्या चौकटीवर किंवा झाकणाच्या कडेला बारीक अक्षरांत 'मेड इन जर्मनी' दिसले तर वाद्य बहुधा त्यानंतरचे मानता येते. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन नाव हीच अडचण झाली. बेखश्टाइन कंपनीची लंडनमधली मालमत्ता १९१६ साली जप्त करून विकली गेली, आणि तिने १९०१ साली उघडलेले सभागृह १९१७ पासून विगमोर हॉल या नावाने चालू झाले. वास्तूचेही नाव असे बदलले गेले, तिथे एका लाकडी झाकणावरच्या अक्षरांची काय कथा!

ही साखळी आपल्याकडेही पोचलेली आहे. मुंबई आणि कलकत्त्याच्या वाद्यविक्रेत्यांनी विलायतेहून आणवलेल्या पियानोंवर स्वतःची नावे घातली, आणि गोव्यातल्या जुन्या घरांत किंवा मुंबईच्या पारशी आणि ख्रिस्ती कुटुंबांत उरलेल्या काही वाद्यांचा कर्ता आज त्या विक्रेत्याच्या नावाआड दडलेला आहे. इंग्लिश कारखाने दमट हवेसाठी वेगळे पियानो बांधत. त्यांत सरस सुटण्याची भीती असलेल्या सांध्यांवर स्क्रू मारलेले असत, पितळी पट्ट्या लावलेल्या असत. असे सांधे दिसले की वाद्य कुणी बनवले ते कळत नाही, पण कुठल्या बाजारासाठी बनवले ते कळते, आणि शोधाचे क्षेत्र निम्म्याने अरुंद होते. ज्याने पेटी जवळून पाहिली आहे त्याला हे सारे समजायला वेळ लागणार नाही. पेटीच्या अंगावर पुण्याच्या किंवा मुंबईच्या कारागिराचे नाव असते, आणि आतले सूर जर्मन असतात किंवा पालिताण्याचे असतात. पेटी कुणाची, या प्रश्नाला जाणकार एका नावाने उत्तर देत नाही. तो आधी सूर कुठले ते सांगतो, मग भाता आणि खोके कुणाचे ते सांगतो. पियानोच्या बाबतीत मात्र आपण कुठल्याशा भक्तीने एकाच नावावर अडून बसतो.

आता लहानपणाची गोष्ट. तारेचा सूर तिच्या लांबीवर, ताणावर आणि जाडीवर ठरतो. मैफिलीच्या नऊ फुटी पियानोत सर्वांत खालच्या सुराची तार सुमारे दोन मीटर लांब असते. पाच फुटांच्या आत बसणाऱ्या पियानोत तिला जेमतेम निम्मी जागा मिळते. सूर तर तोच हवा, मग तार जड करावी लागते. पोलादी गाभ्यावर तांब्याचे जाड वेढे चढवावे लागतात. अशी आखूड आणि जाड तार ताठ होते, तिचे वरचे स्वरांश गणिताने असायला हवेत त्यापेक्षा चढे निघतात आणि खर्ज गढूळ ऐकू येतो. हा दोष कुणालाच टाळता आलेला नाही, कारण तो पदार्थविज्ञानाचा आहे. प्रश्न एवढाच उरतो की रचनाकाराने तो कुठे लपवला. कुणी खर्जाच्या तारा अधिक तिरक्या टाकून त्यांची लांबी थोडी वाढवतो, मग खर्जाची घोडी साउंडबोर्डच्या कडेशी येऊन तिला कंप पावायला जागा उरत नाही. त्यावर उपाय म्हणून कुणी घोडीला खाली टेकू न देता पुढे काढलेल्या फळीवर बसवतो. कुणी तांब्याच्या वेढ्यांच्या तारा लवकर थांबवतो, कुणी मधल्या लांब घोडीवरही दोन-चार वेढ्यांच्या तारा चढवून खर्ज आणि मध्य यांच्यातला सांधा मऊ करायला पाहतो. स्टाइनवेच्या २७४ सेंटिमीटरच्या डी मॉडेलमध्ये खर्जाच्या घोडीवर २० सूर आहेत, १७० सेंटिमीटरच्या एम मॉडेलमध्ये २६ आहेत. एकाच घराण्याने लांबी कमी होताच आपला हिशेब कसा बदलला, ते त्या दोन आकड्यांत दिसते. मोठ्या पियानोत जागा मुबलक असल्यामुळे सगळे चांगले रचनाकार बरेचसे एकाच उत्तराशी येतात. लहान पियानोत प्रत्येकाला काहीतरी सोडावे लागते, आणि काय सोडायचे याची निवड माणसागणिक बदलते. म्हणून मी म्हणतो की छोट्या ग्रँडमध्ये कर्त्याचा हात अधिक ठळक दिसतो. जो पियानो नमुन्यात न बसणारा, विचित्र वाटतो, तो ओळखायला त्यामुळेच काही अंशी सोपा असतो.

तेव्हा वर पाहण्याआधी खाली वाकावे. उभ्या झाकणाखालची चकाकी कोणीही देतो, पोटाखालच्या तुळयांची मांडणी मात्र कारखान्याच्या सवयीची असते: समांतर, पंख्यासारखी किंवा एका लोखंडी खोबणीत येऊन मिळणारी. अमेरिकेच्या मेसन अँड हॅमलिनच्या ग्रँडखाली मध्यातून कडेपर्यंत पोलादी सळया ताणलेल्या दिसतात. ही रिचर्ड गर्ट्झ याची १९०० सालची कल्पना, आणि ती दिसली की झाकणावर नाव असले काय, नसले काय, फरक पडत नाही. लाइपझिगच्या ब्लूथनरच्या कितीतरी ग्रँडमध्ये वरच्या सप्तकांत तीनऐवजी चार तारा असतात. चौथीला हातोडी शिवत नाही, ती नुसत्या अनुनादाने वाजते. त्याचे पेटंट १८७३ चे. बोझेनडॉर्फरमध्ये प्रत्येक तार स्वतंत्र फासाने अडकवलेली असते, तर इतर बहुतेकांत एकच तार खिळ्याभोवती वळून दोन तारांचे काम करते. हातोड्यांची तोंडे वाजवणाऱ्याकडे असतील आणि त्या थेट पट्टीवरच बसवलेल्या असतील तर अ‍ॅक्शन (पट्टी दाबताच हातोडी उचलणारी यंत्रणा) व्हिएन्ना पद्धतीचे, आणि ही पद्धत त्या शहरात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. तीन पेडल असतील तर बाजार बहुधा अमेरिकी, कारण मधल्या पेडलचे स्टाइनवेचे पेटंट १८७४ सालचे आहे आणि युरोपातल्या बहुतेक कारखान्यांनी दोनच पेडलांवर समाधान मानले. पट्ट्या ८८ ऐवजी ८५ असतील तर वाद्य जुने असण्याची शक्यता वाढते, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. युरोपात छोट्या पियानोंना ८५ पट्ट्या बरीच वर्षे पुरल्या. हस्तिदंताचा पातळ पत्रा असेल तर पांढऱ्या पट्टीवर पुढचा रुंद आणि मागचा अरुंद तुकडा जिथे मिळतात तिथे केसाएवढी रेघ दिसते, सेल्युलॉइडच्या अखंड पत्र्यावर ती नसते. आणि काही वाद्ये घाट पाहताच सांगता येतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात वुर्लिट्झरने काढलेल्या 'बटरफ्लाय' ग्रँडचे झाकण दोन पंखांसारखे दोन्ही बाजूंना उघडते, अंग दोन्हीकडे सारखे असते आणि पट्ट्याही कमी असतात. मंदीच्या काळात छोट्या घरांना ग्रँडचा डौल परवडावा म्हणून असे प्रयोग झाले. स्टाइनवेनेही १५५ सेंटिमीटरचे एस मॉडेल त्याच दशकात बाजारात आणले.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो सरळ आहे: इतकी उठाठेव कशाला, प्रत्येक पियानोला क्रमांक असतो, क्रमांकांच्या छापील याद्या आहेत, पियर्सच्या पियानो अ‍ॅटलाससारखी जाडजूड पुस्तके आहेत, क्रमांक शोधा की साल हाती लागते. याद्या मोलाच्या आहेत, त्यांच्याशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकता येणार नाही. पण यादी नावाखाली लावलेली असते. नावच खोटे किंवा दुकानदाराचे असेल तर क्रमांक कुठल्या पानावर पाहायचा? शिवाय एका पियानोत एकच क्रमांक असतो हा समजही खरा नाही. चौकटीवर ओतीव अक्षरांत आलेला आकडा साच्याचा असतो, ओतशाळेच्या सोयीसाठी. अ‍ॅक्शनवरचा आकडा अ‍ॅक्शन बनवणाऱ्याचा. पट्ट्यांच्या संचावरचा तिसऱ्याचा. चौकटीच्या भोकातून साउंडबोर्डवर किंवा खुंट्यांजवळ ठोकलेला दिसतो तो बहुधा वाद्याचा खरा क्रमांक, आणि त्यातही काही कारखान्यांनी आपण जुनेजाणते वाटावे म्हणून मोजणी एकापासून सुरूच केली नाही. साच्याचा आकडा यादीत शोधून एखाद्या पियानोला वीस वर्षे जुने ठरवणे ही फार सहज होणारी चूक आहे. खऱ्या क्रमांकाची ओळख वेगळ्या रीतीने पटते. तोच आकडा, किंवा त्याचे शेवटचे दोन-तीन अंक, झाकणाच्या बिजागरीखाली, पायाच्या माथ्यावर, पट्ट्यांसमोरच्या सुट्या पट्टीच्या मागे, स्वरलिपी ठेवायच्या स्टँडच्या बुडाशी ठोकलेले सापडतात. कारखान्यात एका वेळी अनेक वाद्ये जुळत असत, एकाचा पाय दुसऱ्याला लागू नये म्हणून सुतार ते ठोकून ठेवी. त्याला आपण शंभर वर्षांनी येऊन पाहणार याची कल्पना नव्हती, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि मला तो खरोखर महत्त्वाचा वाटतो. पियानो म्हणजे अनेक कारखान्यांच्या भागांची जुळणी असेल, तर त्याला कर्ता आहे असे म्हणताच कसे येते? अ‍ॅक्शन पॅरिसच्या श्वांडरचे, स्टुटगार्टच्या रेनरचे किंवा न्यूयॉर्कच्या वेसेल, निकेल अँड ग्रॉसचे; पट्ट्या जर्मनीतल्या क्लुगेच्या; चौकट ओहायोतल्या स्प्रिंगफील्डच्या ओतशाळेची. यांतल्या काही पुरवठादारांचा माल अगदी उंची कारखान्यांनीही घेतला. मोठ्या कारखान्यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर त्यांच्या तारांच्या मांडणीची नक्कल करायलाही कुणाची आडकाठी उरली नाही. मग तुळयांची आणि घोडीची साक्ष तरी किती धरायची? यावर माझे उत्तर असे की सुटे भाग विकत मिळतात, त्यांना एकमेकांशी बसवण्याचा निर्णय विकत मिळत नाही. विकतची चौकट वाद्याच्या लाकडी कड्यात बसवताना ती साउंडबोर्डपासून किती उंच धरायची, घोडीवर तार किती दाबून न्यायची, घोडीचे माथे कुठे आणि किती खोल कोरायचे, हातोडी तारेच्या कोणत्या ठिकाणी आपटेल, हे जुळणी करणाऱ्या कारखान्यालाच ठरवावे लागते. नक्कल करणारा मांडणी उतरवून घेतो, पण खिळ्यांमागची ही मापे त्याला मूळ कारखान्यात उभे राहिल्याशिवाय मिळत नाहीत, आणि नकलेतली चूक त्याची स्वतःची ओळख ठरते. जिथे निर्णयही उसना आहे, तिथे तसे स्पष्ट म्हणावे. आजही हे उघड चालते: 'बॉस्टन' नावाचे पियानो स्टाइनवेच्या रचनेवर जपानची कावाई कंपनी बांधते, आणि त्यात लपवाछपवी नाही. तिथे रचनाकार एक, बांधणारा दुसरा, विकणारा तिसरा. शंभर वर्षांपूर्वीच्या छोट्या ग्रँडमध्येही ही तीन माणसे वेगवेगळी असू शकतात, फक्त तेव्हा ते कुणी लिहून ठेवले नाही.

कधी एकाच नावाखालचा माणूसही बदलतो. १९३२ साली एओलियन आणि अमेरिकन पियानो कंपनी एक झाल्या आणि मेसन अँड हॅमलिनची बांधणी बॉस्टनहून न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट रोचेस्टरला गेली. तिथे त्या नावाबरोबर चिकरिंग आणि नाबे हीही जुनी नावे एकाच छपराखाली तयार होऊ लागली. १९२५ चा आणि १९३५ चा, झाकणावर हुबेहूब तीच अक्षरे असलेले दोन पियानो वेगळ्या गावांत, वेगळ्या हातांनी झालेले आहेत. चिकरिंग म्हणजे ते घराणे, ज्याच्या जोनास चिकरिंगने १८४३ मध्ये ग्रँडसाठी अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले आणि पंधरा-वीस टन ताण सोसणारे आजचे वाद्य शक्य केले. त्याचे नाव पुढे कोणत्या लाकडावर कोण चिकटवीत होते, याचा त्याच्या कामाशी संबंध उरला नव्हता. मला याचे वाईट वाटते.

तिसरा आक्षेप वाद्याच्या आयुष्याचा. जुना पियानो दुरुस्तीवाल्यांच्या हातांतून गेलेला असतो. तारा बदललेल्या, हातोड्यांचे फेल्ट नवे, कधी अख्खे अ‍ॅक्शन दुसरे, कधी साउंडबोर्डही. मग आतली साक्ष तरी शुद्ध कुठे? या प्रश्नाला या कलेतली सर्वांत थोर उदाहरणे सामोरी गेली आहेत. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याचे तीनच पियानो आज उरले आहेत: १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, १७२२ चा रोममध्ये, १७२६ चा लाइपझिगमध्ये. न्यूयॉर्कच्या वाद्यावर त्याचे नाव आणि फ्लॉरेन्समध्ये बनवल्याची लॅटिन नोंद आहे. तरीही त्याचा आजचा साउंडबोर्ड १९३८ सालचा आहे, आणि स्वरांचा पल्लाही मूळचा राहिलेला नाही. त्या वाद्यात क्रिस्तोफोरी नेमका कुठे उरला आहे हे कळायला अभ्यासकांना रोम आणि लाइपझिगच्या वाद्यांशी ते ताडून पाहावे लागले. नाव होते, पण नावाने काम भागले नाही. उलट टोकाचे उदाहरण साल्झबुर्गला आहे. मोझार्टचा ग्रँड पियानो, पाच सप्तकांचा, सव्वादोन मीटरच्या आतला, गुडघ्याने चालवायच्या कळींचा. त्यावर कर्त्याची सही नाही, साल नाही. तो व्हिएन्नाच्या आंटोन वाल्टरचा मानतात, साधारण १७८२ चा. मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झे हिने १८१० साली मुलाला लिहिलेल्या पत्रात तो वाल्टरचाच असल्याचे आणि वाल्टरने तो मागाहून नव्याने नीट करून दिल्याचे म्हटले आहे. या एका वाक्याने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा उभा केला. मायकेल लॅचम या अभ्यासकाने सही असलेल्या इतर वाल्टर पियानोंशी तपशिलाने तुलना करून असे मांडले की आज त्यात दिसणारे अ‍ॅक्शन मोझार्टने वाजवले ते नसावे, वाल्टरनेच ते मोझार्टच्या मृत्यूनंतर बदललेले असावे. म्हणजे कर्ता तोच, पण वाद्याचे दोन काळ. या दोन उदाहरणांतून रीत मिळते. बदलायला सोपे काय आणि अवघड काय, याची उतरंड लावायची. तारा आणि फेल्ट साक्षीतून जवळजवळ वगळायचे. अ‍ॅक्शनवर निम्मा भरवसा. कडे, तुळया, चौकट आणि खुंट्यांची फळी यांवर सर्वाधिक, कारण ती बदलण्यापेक्षा दुसरा पियानो घेणे स्वस्त पडते. आणि वरच्या थरातली साक्ष खालच्या थराशी भांडत असेल तर खालच्या थराचे ऐकायचे.

एवढे करून नावात काय आहे, वाद्य वाजते कसे ते महत्त्वाचे, असेही कुणी म्हणेल. वाजवणाऱ्यापुरते ते पुरेसे आहे, आणि त्याच्यावर कुणी हे ओझे लादू नये. पण वाद्य टिकवणाऱ्याला ते पुरत नाही. तारांच्या नव्या संचाची जाडी ठरवायची तर मूळ मांडणी कुणाच्या हिशेबाने होती ते कळावे लागते. चुकीच्या घराण्याचा समजून जड तारा चढवल्या तर आखूड पियानोची शंभर वर्षांची चौकट तडकू शकते, आणि ओतीव लोखंडाची तडक सहसा पुरती सांधता येत नाही. हस्तिदंत असेल तर देशांच्या सीमेवर वाद्याच्या वयाचा कागद मागितला जातो. आणि या व्यावहारिक कारणांपलीकडे न्यायाचा प्रश्न आहेच. बर्लिन, लंडन, न्यूयॉर्कच्या कारखान्यांत जी माणसे आयुष्यभर घोड्यांचे माथे कोरत राहिली, त्यांची नावे झाकणावर कधीच आली नाहीत. पहिल्या किंवा शेवटच्या पट्टीच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली आद्याक्षरे आणि तारीख हीच काय ती त्यांची सही. दुकानदाराचे नाव वाचून आपण थांबतो तेव्हा ती सही न वाचताच पियानो बंद करतो. मला हे अक्षम्य वाटते.

म्हणून उत्तर एका नावात देण्याचा हट्ट सोडावा, आणि जे ठरले आहे आणि जे ठरलेले नाही ते वेगवेगळे लिहावे. समजा, एका छोट्या ग्रँडची नोंद अशी झाली: विक्रेता मुंबईचा, झाकणावरच्या नावावरून, अ‍ॅक्शन श्वांडरचे, त्यावरच्या शिक्क्यावरून, बांधणी जर्मन, १८८७ नंतरची, चौकटीवरच्या मजकुरावरून, १९१४ पूर्वीची असण्याचा संभव मोठा, शहर बहुधा बर्लिन, तुळयांच्या मांडणीवरून, पण खात्री नाही, कारखाना अज्ञात. ही नोंद अपुरी दिसते, तरी तिच्यातले प्रत्येक विधान तपासता येते, आणि उद्या तोच साच्याचा आकडा आणि तीच तुळयांची मांडणी असलेला, पण सही शाबूत असलेला दुसरा पियानो कुठे सापडला तर शेवटची रिकामी जागा भरता येईल. तशी ती भरता यावी यासाठी वाद्य दुरुस्तीला देण्याआधी त्याचे टिपण झाले पाहिजे. चौकटीवर नवा सोनेरी रंग फवारला की ओतीव अक्षरांच्या कडा बुजतात, पट्ट्यांच्या बाजू घासल्या की पेन्सिल जाते, पायांचे माथे रंधले की सुताराचे अंक जातात. खालून तुळयांचे, वरून चौकटीच्या चारही कोपऱ्यांचे, पहिल्या आणि शेवटच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवायला एक दुपार पुरते. आपल्याकडे पियानो दुरुस्त करणारे हात थोडे आहेत, जुनी वाद्ये मात्र मुंबईत, पुण्यात, पणजीत, मडगावात अजून आहेत, आणि त्यांतली कितीतरी पुढच्या काही वर्षांत उघडली जातील.